कालची भाकरी

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर महादेवाचं एक पडकं देऊळ होतं. त्यात एक बैरागी राहायचा. तो कुठला, त्याचं नाव काय, कोणालाच ठाऊक नव्हतं. गाव त्याला नुसतं ‘बाबा’ म्हणायचं. बाबा कोणाशी बोलत नसे. कोणी पाया पडायला गेलं तर उठून देवळामागे जाई. त्याच्या भाकरीची पाळी मात्र गावाने लावून घेतली होती. सात वार, सात घरं. सोमवार आमचा. आजी दोन भाकऱ्या आणि वर कोरड्यास किंवा ठेचा फडक्यात बांधून द्यायची. ते गाठोडं पायरीवर ठेवायचं, आदल्या दिवशीचं रिकामं फडकं घडी घालून ठेवलेलं असे ते उचलायचं आणि मागे न बघता खाली उतरायचं, एवढं माझं काम.

एका सोमवारी रविवारचं फडकं तसंच होतं. गाठसुद्धा सुटलेली नव्हती. घरी येऊन आजीला सांगितलं. तिने तवा चुलीवरून खाली घेतला. “कालची भाकर तशीच हाय म्हंजी मानूस बरा न्हाई,” ती म्हणाली, “जा, आज्याला हाक मार.” चार माणसं वर गेली. बाबा तापाने फणफणला होता. त्याला घोंगडीत घालून खाली आणलं. पंधरा दिवस तो आमच्या पडवीत पडून होता. बरा झाल्यावर एका पहाटे कोणाला न सांगता वर निघून गेला. पाळी पुन्हा सुरू झाली. पडवीतल्या पंधरा दिवसांतही तो कोणाशी चार शब्द बोलल्याचं मला आठवत नाही.

पुढे एकांतवासी माणसांविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. गुहेतले, वाळवंटातले, तळ्याकाठचे, बर्फातले. त्यांच्या ध्यानाची, मौनाची, अंगावरच्या एकुलत्या वस्त्राची वर्णनं पानोपानी सापडली. भाकरी कोण आणून देत होतं, हे सहसा सापडत नसे. सापडलं तरी एखाद्या ओळीत, जाता जाता. या पुस्तकाचा विषय एकांत हा आहे. पण प्रस्तावनेपुरतं तरी मला भाकरीविषयी बोलायचं आहे. जो माणूस गावात कोणाशीही बोलत नव्हता, त्याचाच रोजचा हिशेब सगळ्या गावाने ठेवला होता. ही गोष्ट मला तेव्हाही नवलाची वाटली नव्हती, आणि आता जितकं वाचतो तितकी ती नियमच वाटत जाते.

मुळात ‘एकांत’ हा शब्दच बघा. एकटा, एकाकी, एकलकोंडा हे त्याचे भाऊबंद, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा. ‘एकलकोंडा’ म्हणताना तक्रारीचा सूर लागतो, ‘एकाकी’ म्हणताना कणव येते. ‘एकटा’ ही नुसती मोजणी. एकांताचं गणित या तिघांच्या पलीकडचं आहे. चाळीतल्या एका खोलीत सासू-सासरे, दीर, नणंद यांच्यासह संसार करणाऱ्या जोडप्याला ‘एकांत मिळत नाही’ असं आपण म्हणतो. म्हणजे मराठी एकांतात दोन माणसं सुखाने मावतात. जुन्या कागदपत्रांत धनी आणि कारभारी ‘एकांती’ बोलतात, तेव्हाही तिथे दोघं असतातच. त्याच्या उलट शब्द आहे लोकांत. एकांतातून लोकांतात यावं आणि लोकांतातून एकांतात जावं, अशी ये-जा या जोडीत गृहीत आहे. ज्याने ही ये-जा तोडली त्याला भाषा एकांतवासी म्हणत नाही, परागंदा म्हणते.

या ये-जाचा एक फार जुना लेखी हिशेब आपल्याकडे दगडात कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, म्हणजे जुन्या त्रिरश्मी डोंगरात, १० क्रमांकाचं लेणं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने खोदवलं. साधारण १९०० वर्षांपूर्वीची गोष्ट. लेणं दिलं, आता भिक्षूंनी ध्यान करावं, असं म्हणून तो थांबला नाही. त्याने ३००० कार्षापण नाण्यांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. आजच्या भाषेत कायम ठेव. ती गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, गुंतवली. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० कार्षापणांवर शेकडा दरमहा एक, १००० वर पाऊण. आता हिशेब करून पाहा. दोन हजारांवर वर्षाचं व्याज होतं २४०. आणि लेख सांगतो की या लेण्यात पावसाळ्याचा वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कवडी इकडे नाही की तिकडे नाही. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रीतसर नोंदवून घेतला.

मला हा लेख फार आवडतो. वीस माणसं जगाकडे पाठ फिरवून डोंगरात बसणार, आणि खाली गावात विणकर मागावर बसून त्यांच्या कापडाचं व्याज विणणार. श्रेणीचा धंदा बुडाला तर भिक्षू उघडे. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत तर बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे, धान्याचे व्यापारी अशा कितीतरी श्रेणी येतात. कान्हेरीला कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे दाते आहेत. पाण्याची टाकी, लेखांतल्या भाषेत ‘पोढी’, दान देणारे वेगळे, बसायला ओटा देणारे वेगळे. एकेका भिक्षूची कोठडी जेमतेम पाय पसरण्याएवढी. ती कोरायला मात्र अख्खी बाजारपेठ लागली आहे.

हे योगायोगाने घडलेलं नाही. विनयपिटकातले नियम वाचले की लक्षात येतं, बुद्धाने भिक्षूच्या स्वयंपूर्णतेची एकेक वाट मुद्दाम बुजवून टाकली आहे. भिक्षूने जमीन खणायची नाही, म्हणजे शेती गेली. रांधायचं नाही. अन्न रात्रभर साठवायचं नाही. पाणी आणि दातवण सोडून, दुसऱ्याने हातात दिल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही. झाडाखाली पडलेलं फळसुद्धा नाही. त्यामुळे कितीही मोठा विरागी असला तरी दर सकाळी पात्र घेऊन कोणाच्या तरी दारात उभं राहणं त्याला चुकत नाही. भिक्षू हा शब्दच भिक्षेवरून आला, आणि भिक्षेला समोर माणूस लागतो.

विनयपिटकातल्याच महावग्गात एक गोष्ट आहे. ती ध्यानधारणेच्या शिबिरांत सहसा सांगितली जात नाही, म्हणून इथे सांगतो. कोसल देशात काही भिक्षूंनी ठरवलं की यंदाचा वर्षावास सुखासमाधानात घालवायचा तर एकमेकांशी बोलायचंच नाही. व्यवस्था चोख केली. भिक्षेवरून आधी परतेल त्याने आसनं मांडावीत, पाय धुवायला पाणी ठेवावं. मागून येईल त्याने सगळं आवरून ठेवावं. जड घडा एकट्याला उचलवला नाही तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावं, पण तोंड उघडू नये. तीन महिने असे गेले. भांडण नाही, तंटा नाही. वर्षावास संपल्यावर ते मोठ्या अपेक्षेने बुद्धाला भेटायला गेले आणि सगळी हकिकत सांगितली. बुद्धाने त्यांना झापलं. मेंढरांसारखे एका दावणीला राहिलात आणि म्हणता सुखात राहिलो, अशा अर्थाचं तो बोलला. तिथून ‘पवारणा’ हा विधी सुरू झाला. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्षूने संघापुढे उकिडवं बसून विनंती करायची: माझ्यात काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, नुसता संशय आला असेल, तरी दया करून मला सांगा. वडीलधाऱ्यानेही सांगायची, नवख्यानेही. एकांताच्या तीन महिन्यांचा शेवट असा, शेजाऱ्याच्या तोंडून स्वतःविषयी ऐकण्याने व्हायचा. भांडण होऊ नये म्हणून गप्प राहणं आणि मन शांत झालं म्हणून गप्प होणं यात अंतर आहे. दहा वर्षं संसार केलेल्या कोणालाही ते समजावून सांगावं लागणार नाही.

इथे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांची आठवण येणं साहजिक आहे. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस १८९९ साली बायको आणि लहान मुलीला मागे ठेवून घराबाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, मग सिलोन, ब्रह्मदेश. काशीत संस्कृत शिकताना अन्नछत्रात जेवला. सिलोनात श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, झाला. पुढे भारतात परतून संसारात आला, पाली शिकवली, हार्वर्डला जाऊन बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथावर खपला. त्या ग्रंथात साधकाने राहायची जागा कशी असावी याचं मोठं चोखंदळ वर्णन आहे. अठरा प्रकारचे विहार टाळावेत म्हटलं आहे, आणि चांगल्या निवासाचं पहिलंच लक्षण असं की तो गावापासून फार दूर नसावा, फार जवळही नसावा. जाण्यायेण्याला सोयीचा, दिवसा फार वर्दळ नसलेला, रात्री निःशब्द. मला वाटतं एकांतवासाचं सगळं शास्त्र या एका अंतरात आहे. फार जवळ असलात तर गाव तुम्हाला सोडत नाही, फार दूर गेलात तर भाकरी पोचत नाही.

धर्मानंदांचा मुलगा दामोदर. गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जग त्याला ओळखतं. वडिलांनी विरक्तीचा मार्ग पायाखाली घातला; मुलाने पुण्याच्या आसपासचे डोंगर पायाखाली घातले आणि त्या विरक्तांच्या लेण्यांचा नकाशा व्यापारी मार्गांच्या नकाशावर ठेवून पाहिला. १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’मध्ये त्याने हे मांडलं आहे. कार्ले, भाजे, बेडसे बोरघाटाच्या तोंडाशी. जुन्नर नाणेघाटाच्या वाटेवर. बैलांचे तांडे जिथे घाट चढून दम खायला थांबत तिथेच भिक्षूंचा एकांत होता. यावर काहींना वाटतं की विरक्तीचं ढोंग उघडं पडलं. मला तसं वाटत नाही. वडील ज्या ग्रंथावर खपले त्यातलं वाक्यच मुलाने सिद्ध केलं: फार दूर नाही, फार जवळ नाही.

याच बोरघाटाच्या वाटेवर, तळेगावच्या अलीकडे, घोरावडेश्वराचा डोंगर आहे. तुकोबा एकांतासाठी भामचंद्र, भंडारा आणि या घोरावडेश्वरावर जात. दुष्काळात पहिली बायको आणि मूल गेलं, दिवाळं निघालं, आणि हा माणूस डोंगरावर जाऊन बसू लागला. झाडावेलींना नातेवाईक म्हणणारा त्यांचा अभंग आपण शाळेत पाठ केला. माणसांपासून दूर गेलेला माणूस तिथेही नात्याचेच शब्द वापरतो, हे तेव्हा कोणी दाखवून दिलं नाही. असो. परंपरा सांगते की त्यांची भाकरी घेऊन दुसरी बायको जिजाई भंडाऱ्यावर चढायची. एकदा तिच्या पायात काटा रुतला आणि तो विठ्ठलाने काढला, अशी कथा आहे. कीर्तनात या प्रसंगी विठ्ठलाची करुणा रंगवतात. जिजाईचा त्रागाही रंगवतात, आणि श्रोते हसतात. उन्हातान्हात पोटात भूक घेऊन, घरी लेकरं ठेवून रोज डोंगर चढणाऱ्या बाईने त्रागा केला यात हसण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. कजाग बायको म्हणून तिची जी प्रतिमा आपण तीनशे वर्षं चालवली ती सरळसरळ अन्याय आहे. तिची भाकरी वर पोचत होती म्हणून अभंग खाली आला.

आणि गंमत अशी की घोरावडेश्वराच्या डोंगरातच, शेलारवाडीच्या बाजूला, बौद्ध लेणी आहेत आणि तिथे एका दानाचा लेख आहे. दान देणारी बाई आहे, नांगर धरणाऱ्या कुणब्याची बायको. तुकोबांच्या आधी दीड हजार वर्षं. त्याच डोंगरावर, एकांतात बसणाऱ्यांसाठी, शेतकऱ्याच्याच घरातून आलेलं दान. तिचं नाव तरी दगडावर आहे.

ज्ञानेश्वरांची गोष्ट याहून नाजूक. लोकांच्या बोलण्याने मन दुखावलं म्हणून ते खोपीत शिरले आणि ताटी लावून घेतली. बाहेर धाकटी बहीण मुक्ताई उभी राहिली आणि तिने ताटी उघडा म्हणून विनवलं. ताटीचे अभंग म्हणून ते प्रसिद्ध आहेत. मी विचार करतो तो त्या ताटीचा. ताटी म्हणजे कुडाची, कामट्यांची विणलेली झडप. तिला कडी नसते, अडसर नसतो. तिच्यातून वारा येतो, उजेडाचे कवडसे येतात आणि बाहेरच्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो. रुसून आत बसलेल्या भावाने लावून घेतलेलं दार एवढंच पक्कं होतं. मुक्ताईला ते ढकलून आत जाता आलं असतं. तिने ढकललं नाही.

बाहेरच्या देशांतल्या एकांतवाशांविषयी पुढे स्वतंत्र लेख आहेत, म्हणून इथे दोनच नावं. इजिप्तच्या वाळवंटातला संत अँथनी एका ओसाड गढीत वीस वर्षं कोंडून घेऊन राहिला. त्याचं चरित्र लिहिणारा अथानेशियस सांगतो की वर्षातून दोनदा त्याला वरून भाकरी पोचवल्या जात. सहा महिन्यांच्या भाकरी एकदम! आमच्या आजीला हे पटलं नसतं. मधल्या काळात माणूस आजारी पडला तर कळणार कसं? दुसरा थोरो. १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षं तो वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला. दुर्गाबाई भागवतांनी त्याचं पुस्तक ‘वॉल्डनकाठी विचार-विहार’ म्हणून मराठीत आणल्यामुळे तो आपल्याला परका नाही. जमीन मित्राची, म्हणजे एमर्सनची होती, जवळून आगगाडी जात होती, दर एक-दोन दिवसांनी तो गावात चक्कर मारून येई. यावरून त्याची टवाळी करायची फॅशन आहे. पण त्याने काही लपवलं नव्हतं. झोपडीत तीन खुर्च्या होत्या आणि आलेल्या माणसांवर त्याने एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. टवाळखोरांना एकांत म्हणजे माणसांचा दुष्काळ वाटतो, थोरोला तसं वाटत नव्हतं, एवढाच काय तो वाद.

माणसांचा खरा दुष्काळ कसा असतो, ते तुरुंगाच्या कायद्यात पाहावं. भारतीय दंड संहितेच्या ७३ व्या कलमाने एकांतकोठडीच्या शिक्षेला एकूण तीन महिन्यांची मर्यादा घातली होती, आणि ७४ व्या कलमाने एका वेळी १४ दिवसांची. नव्या न्याय संहितेतही ती मर्यादा तशीच आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मान्य केलेल्या मंडेला नियमांत सलग १५ दिवसांपलीकडची एकांतकोठडी निषिद्ध ठरवली आहे. कोठडीत भिक्षूही दिवस काढायचा आणि कैदीही. कैद्याला भाकरी भिक्षूपेक्षा वेळेवर मिळते. तरीही एकाच्या तीन महिन्यांना साधना म्हणतात आणि दुसऱ्याच्या पंधरा दिवसांना छळ. कैद्याची भाकरी दाराच्या फटीतून आत सरकते, आणि ती त्याने खाल्ली नाही तर वहीत नोंद होते. तवा खाली उतरवत कोणी उठत नाही.

आता राहिला आपला, फ्लॅटमधला एकांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो, आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या कामासाठी मंत्रीच नेमले. आकडे खरे आहेत, मंत्रीही नेमावेत. पण पुण्यात, डोंबिवलीत, नाशकात ज्यांची मुलं कॅलिफोर्नियात किंवा सिडनीत आहेत अशा सत्तरी-ऐंशीच्या माणसांकडे मी जातो तेव्हा प्रत्येक जण एकाकी असतो असं मला दिसत नाही. काहींनी आयुष्यभर गजबजाटात काढल्यावर हा एकांत हौसेने पत्करलेला असतो. त्यांना भजनी मंडळात ओढू नका, हास्यक्लबात तर मुळीच नका. पुस्तक, रेडिओ, खिडकीतला पिंपळ एवढं त्यांना पुरतं. दर रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल येतो, तोही पुरतो. मात्र एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत सहा दिवस असतात.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अशा एक बाई राहतात. कोणाकडे जात नाहीत, कोणी आलेलं फारसं आवडत नाही. पहाटे दूधवाला त्यांच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवून जातो आणि साडेसातपर्यंत ती आत गेलेली असते. समोरच्या घरातल्या सुनेने हे कधी आणि कसं हेरून ठेवलं कोण जाणे. मागच्या पावसाळ्यात एकदा नऊ वाजले तरी पिशवी तशीच होती. तिने बेल वाजवली, मग आम्हाला बोलावलं. बाई न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. आता बऱ्या आहेत, काठी घेऊन चालतात आणि पूर्वीसारखंच कोणाशी फारसं बोलत नाहीत. त्या सुनेने माझ्या आजीला कधी पाहिलेलं नाही.

हे पुस्तक आपण एकांतात वाचाल अशी आशा आहे. वाचण्याआधी एक करा. आपल्या मजल्यावर कोणाच्या कडीला दुधाची पिशवी किती वाजेपर्यंत असते, ते ठाऊक करून घ्या. आणि उशीर झालेला दिसला, तर बेल वाजवा.